विश्लेषण : मोबाइलवर अक्षराच्या जागी चौकोन का दिसतो? जावजी दादाजींनी हा प्रश्न 1864 मध्येच हाती घेतला होता

रामदासपेठ, नागपूर : डॉक्टरांच्या पाटीवरचा ‘डॉ.’, वकिलांच्या पाटीवरचा ‘ॲड.’, दुकानाच्या बिलावरचे ‘₹’ आणि शेजारच्या ‘वऱ्हाड’मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र. रामदासपेठेतून एक चक्कर मारली तर या चार खुणा सहज दिसतात. हाच मजकूर एखाद्या जुन्या फोनवर किंवा घाईत केलेल्या पीडीएफमध्ये उघडला, की त्यातल्या एखाद्या खुणेच्या जागी रिकामा चौकोन येतो. कधी अक्षर येते, पण शेजारच्या अक्षरांपेक्षा ठळक किंवा बुटके दिसते. हा बिघाड संगणकाने आणला, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो छपाईइतकाच जुना आहे. मराठी आणि संस्कृत छपाईपुरते त्याचे सर्वांत चोख उत्तर ज्यांनी दिले, त्यांना फारसे शालेय शिक्षण मिळाले नव्हते. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी यांची ही गोष्ट.

थोडक्यात
• जन्म 1839, मुंबई. लहान वयात मिशनच्या टाइप फाउंड्रीत नोकरी.
• 1864 मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री, 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना.
• 1886 पासून ‘काव्यमाला’ या संस्कृत ग्रंथमालेचे प्रकाशन.
• निधन 1892.

चौकोन नेमका येतो कुठून?

फोनवर दिसणारे प्रत्येक अक्षर दोन गोष्टींनी बनते. एक म्हणजे त्याचा क्रमांक, जो युनिकोड ठरवते. दुसरी म्हणजे त्याचे चित्र, जे फॉन्टमध्ये असते. क्रमांक आला पण फॉन्टमध्ये चित्र नसेल, तर यंत्रणा पुढच्या फॉन्टकडे जाते, तिथे नसेल तर त्याच्या पुढच्याकडे. या रांगेतल्या बदली फॉन्टला फॉलबॅक फॉन्ट म्हणतात. रांगेतल्या एकाही फॉन्टकडे ते चित्र नसेल तर चौकोन उमटतो. हा चौकोन सोयाबीन पनीरच्या तुकड्यासारखा दिसतो, म्हणून तंत्रज्ञ त्याला टोफू म्हणतात. गुगलच्या ‘नोटो’ या फॉन्टमालेचे नावही त्यावरूनच आले. नो टोफू, म्हणजे चौकोन नको.

शिशाच्या काळात फॉन्ट म्हणजे लाकडी खणांची पेटी असायची. प्रत्येक खणात एकाच अक्षराचे अनेक खिळे. खण रिकामा असला तर अक्षर छापता येत नसे. हे रिकामे खण भरण्यातच जावजींचे आयुष्य गेले.

जावजी दादाजी कोण होते?

जावजींचा जन्म 1839 मध्ये मुंबईत एका गरीब कुटुंबात झाला. शाळा फारशी झाली नाही. जेमतेम दहा वर्षांचे असताना ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील टाइप फाउंड्रीत लागले. पगार महिना दोन रुपये आणि काम ओतलेले खिळे घासून गुळगुळीत करण्याचे.

हे काम हलके वाटते, पण त्यात मोठे शिक्षण होते. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या कडेला शिशाची कूस राहते. ती नीट घासली नाही तर खिळा शेजारच्या खिळ्याला चिकटून बसत नाही आणि ओळ वाकडी होते. देवनागरीत तर शिरोरेषा तुटते आणि वाचकाच्या डोळ्याला ते लगेच खुपते. जावजींना अक्षरांची पहिली ओळख अशी हाताने झाली.

याच फाउंड्रीत थॉमस ग्रॅहॅम यांनी मराठी अक्षरांचे सुधारित ठसे कापले होते. त्यामुळे मुंबईत त्या वेळी मराठी टाइपाचे जे काही उत्तम ज्ञान होते, ते या मुलाला जवळून पाहता आले. पुढे त्यांनी ‘इंदुप्रकाश’सह मुंबईतल्या आणखी काही छापखान्यांत काम केले. नोकऱ्या बदलल्या तरी काम खिळ्यांचेच राहिले.

त्याआधी मराठी छपाई कुठे होती?

देवनागरी खिळ्यांत मराठी पुस्तके छापण्याची सुरुवात महाराष्ट्राबाहेर, बंगालमधील श्रीरामपूरला झाली. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण तिथे 1805 मध्ये निघाले. पुढे तिथेच मोडी लिपीचे खिळेही तयार झाले. 1815-16 च्या सुमारास श्रीरामपूरने छापलेल्या मराठी पुस्तकांत नागपूरच्या भोसल्यांची वंशावळ होती. म्हणजे नागपूरचा इतिहास छापून निघाला, तो नागपूरपासून शेकडो मैल दूर.

मुंबईत अमेरिकन मिशनने 1817 पासून मराठी छपाई सुरू केली. 1831 मध्ये गणपत कृष्णाजी यांनी शिळाप्रेसवर पंचांग छापले. शिळाप्रेसमध्ये हाताने लिहिलेले पान दगडावर उतरवतात, त्यामुळे खिळ्यांची गरजच नसते. कोणतीही खूण लिहिता आली की छापता आली. पण त्यात प्रत्येक पान नव्याने लिहावे लागते आणि चूक सापडली तर दुरुस्ती जिकिरीची होते. शाईत प्राण्यांची चरबी असते, या शंकेने अनेक सनातनी वाचक छापील पोथीला हात लावत नसत. म्हणून गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरल्याचे सांगितले जाते.

म्हणजे जावजी धंद्यात आले तेव्हा छपाई नवी नव्हती. नवा होता तो वाचकांचा विश्वास, आणि तो अजून पुरता बसलेला नव्हता.

एक खिळा तयार कसा होतो?

आधी पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरतात. हा ठसा, म्हणजे पंच. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की अक्षराचा खोलगट साचा मिळतो. त्या साच्यात शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस ओतला की खिळा निघतो. एका साच्यातून हवे तितके खिळे ओतता येतात. कष्ट असतात ते पहिल्या ठशात. एक ठसा बिघडला तर पोलादावर पुन्हा पहिल्यापासून काम करावे लागते.

इंग्रजीत मोठी-छोटी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे मिळून शंभराच्या आसपास ठसे पुरतात. देवनागरीत ही संख्या काही शेकड्यांवर जाते. मूळ अक्षरे, अर्धी अक्षरे, वरच्या मात्रा, खालचे उकार, रफार, शिवाय द्ध, ह्म, ह्न, ट्ट, क्त यांसारखी जोडाक्षरे. वर अक्षराचा आकार बदलला, म्हणजे मथळ्याचा टाइप वेगळा आणि टीपेचा वेगळा, की सगळे ठसे पुन्हा कापायचे. आज फोनवर दोन बोटांनी अक्षर मोठे करतो, त्यासाठी तेव्हा महिनोन्‌महिने खर्च होत.

जावजींचे मित्र राणूजी रावजी आरू ठसे कापण्यात वाकबगार होते. राणूजींची बोटे आणि जावजींची धंद्याची जाण या जोडीवर पुढचा सारा डोलारा उभा राहिला.

1864 चे धाडस काय होते?

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता. त्या काळात मुंबईत कापसाचा पैसा नुसता वाहत होता. 1864 मध्ये जावजींनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली. दुसऱ्याच वर्षी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतल्या अनेक पेढ्या व कंपन्या बुडाल्या. जावजींची फाउंड्री त्या पडझडीतून निभावली.

छापखान्याआधी फाउंड्री काढणे, हा या गोष्टीतला महत्त्वाचा मुद्दा आहे. छापखानेवाला बाजारातून मिळतील ते खिळे घेतो आणि त्यांत बसेल ते छापतो. ज्याच्याकडे स्वतःचा ठसा आहे, तो मजकुराला लागेल ते अक्षर घडवू शकतो. आजच्या भाषेत सांगायचे तर जावजींनी ॲप काढण्याआधी फॉन्ट बनवला.

खिळा नसेल तर कंपोझिटर काय करायचा?

त्या काळातही फॉलबॅक होता, पण तो माणसाच्या हातात होता. त्याच्या पायऱ्या साधारण अशा :
• पूर्ण जोडाक्षराचा खिळा असेल तर तोच लावायचा.
• तो नसेल तर अर्धे अक्षर आणि पूर्ण अक्षर शेजारी बसवायचे.
• तेही जमत नसेल तर अक्षराचा पाय मोडून, म्हणजे हलंत लावून काम भागवायचे.
• अक्षरच नसेल तर दुसऱ्या टाइपाच्या पेटीतून उसने आणायचे. मग ते वेगळ्या वळणाचे दिसणार, हे गृहीत.
• उसनेही मिळाले नाही तर त्या मापाचा कुठलाही खिळा उलटा घालून जागा अडवायची. कच्च्या मुद्रितात तिथे काळा डाग उमटतो आणि अक्षर राहिले आहे, हे मुद्रितशोधकाला कळते.

जोडाक्षरांच्या पहिल्या तीन पायऱ्या आजच्या फॉन्टमध्येही जवळपास याच क्रमाने असतात. चौथी पायरी म्हणजे फॉलबॅक फॉन्ट. पाचवीतला काळा डाग हा आजच्या चौकोनाचा पूर्वज. फरक इतकाच, की तो डाग छापखान्याच्या आतच पकडला जाई. आजचा चौकोन थेट वाचकाच्या हातात पडतो.

निर्णयसागर नावाने काय सुरू झाले?

1869 मध्ये जावजींनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. काळबादेवी भागातली कोलभाट लेन हा त्याचा पत्ता पुढे संस्कृत ग्रंथांच्या मुखपृष्ठांवरून देशभर पोहोचला.

सुरुवातीच्या वर्षांत पंचांग हे मोठे काम होते. पंचांग म्हणजे छापखान्याची परीक्षाच. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण यांची आद्याक्षरे, घटिका-पळांचे अंक, राशींची कोष्टके आणि हे सगळे अरुंद रकान्यांत. एक अंक चुकला तर मुहूर्त चुकला. पंचांग घरोघरी वर्षभर भिंतीला टांगलेले असते, त्यामुळे चूकही वर्षभर डोळ्यांसमोर राहते. अशा कामात नाव झाले, की पोथ्या वाचणारा वाचकही छापील पान हातात घ्यायला तयार होतो.

1881 मध्ये विनायक कोंडदेव ओक यांचे मुलांसाठीचे ‘बालबोध’ मासिक सुरू झाले. तेही निर्णयसागरमध्ये छापले जाई. मुलांसाठी मोठा, मोकळा टाइप आणि टीकाग्रंथांसाठी बारीक, दाट टाइप, दोन्ही एकाच घरचे.

‘काव्यमाले’ने काय साधले?

1886 मध्ये निर्णयसागरने ‘काव्यमाला’ ही संस्कृत ग्रंथमाला सुरू केली. संपादनाला जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि निर्णयसागरचे काशीनाथ पांडुरंग परब होते. तोवर हस्तलिखितांतच पडून असलेली अनेक काव्ये आणि नाटके तिच्यातून पहिल्यांदा छापून निघाली. क्षेमेंद्रासारख्या काश्मिरी कवीची पुस्तके मुंबईत छापून सामान्य अभ्यासकाला परवडणाऱ्या किमतीत मिळू लागली.

संस्कृत मजकुरात जोडाक्षरे मराठीपेक्षा कितीतरी जास्त. चार-चार व्यंजनांची गाठ, अवग्रह, विसर्ग, दीर्घ ॠ. शिवाय एकाच पानावर मूळ श्लोक मोठ्या टाइपात, टीका लहान टाइपात आणि पाठभेद त्याहून लहान टाइपात. म्हणजे दुर्मीळ जोडाक्षराचा ठसा तीन आकारांत हवा. निर्णयसागरच्या आवृत्त्यांना शुद्धतेसाठी जो मान मिळाला, त्यात परबांसारख्या पंडितांच्या नजरेचा वाटा मोठा होता. पण पंडिताने दाखवलेली चूक दुरुस्त करायला पेटीत तो खिळा असावा लागतो. ती सोय जावजींनी करून ठेवली होती.

विदर्भातल्या वाचकांना यात आपले काही सापडेल. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे मत नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. भवभूती तर मूळचा विदर्भातला. ‘मेघदूत’ आणि भवभूतीची नाटके पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी निर्णयसागरच्या आवृत्त्यांतून वाचली. मुंबईची रेल्वे 1867 मध्येच नागपूरला पोहोचली होती. रामदासपेठेतील विद्यापीठ ग्रंथालयात किंवा कुठल्याही जुन्या संस्कृत संग्रहात गेलात, तर मुखपृष्ठाच्या तळाशी हे नाव शोधून पाहा.

जावजींनंतर काय झाले?

1892 मध्ये जावजींचे निधन झाले. तेव्हा त्यांनी नुकतीच पन्नाशी ओलांडली होती. कारभार मुलगा तुकाराम जावजी यांच्याकडे आला. 1912 मध्ये वासुदेवशास्त्री पणशीकर यांनी संपादित केलेली शुक्ल यजुर्वेदाची सभाष्य संहिता निर्णयसागरमधून निघाली. वेदाच्या मजकुरात अक्षराखाली आडवी रेघ आणि अक्षरावर उभी रेघ अशा स्वरखुणा असतात. खूण चुकली की उच्चार बदलतो. अशी पाने जुळवायला लागणारी पेटी आणि शिस्त, दोन्ही जावजींची कमाई होती.

निर्णयसागरचे खिळे इतर छापखान्यांतही गेले. अ, झ, ण यांची मुंबई वळणे आज हिंदीतही रूढ झालेली दिसतात. त्यामागे मुंबईच्या टाइपांचा मोठा प्रसार आहे आणि त्यात निर्णयसागरचा वाटा ठळक आहे.

अक्षरे कमी करायची की खिळे वाढवायचे?

जावजींची वाट खर्चिक होती. दैनिके वाढली तसा वेगाचा प्रश्न आला. शेकडो खण असलेल्या पेटीतून खिळे वेचताना वेळ जातो. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यावर विचार केला. सावरकरांनी ‘इ’ ऐवजी ‘अि’ लिहिण्यासारखे लिपीतलेच बदल सुचवले. पुढे टाइपरायटर आणि लाइनोटाइप यंत्रांच्या मर्यादित कळांमुळे अनेक जोडाक्षरे मोडून लिहिली जाऊ लागली.

संगणकाने हा वाद जवळपास मिटवला. युनिकोडच्या मुख्य देवनागरी गटात फक्त 128 जागा आहेत, पण त्यांच्या जुळणीतून फॉन्ट शेकडो जोडाक्षरे उभी करू शकतो. टंकलेखनासाठी कमी कळा आणि छपाईसाठी भरपूर आकार, दोन्ही एकत्र जमले. मात्र आकार कुणीतरी आखावे लागतातच. ते काम अजूनही राणूजींसारख्या माणसांचेच आहे.

मग आजही अडचण का येते?

पहिले कारण म्हणजे काही खुणा युनिकोडमध्ये उशिरा आल्या. ‘ॲ’ 2008 मध्ये आला, वैदिक खुणांचा स्वतंत्र गट 2009 मध्ये आणि ‘₹’ 2010 मध्ये. त्याआधी बनलेल्या फॉन्टमध्ये त्यांची चित्रे नसतात.

दुसरे कारण जोडणीचे. अक्षर एका फॉन्टमधून आणि त्यावरची खूण दुसऱ्या फॉन्टमधून आली, तर ती नीट बसत नाही. म्हणून वेदातल्या स्वरखुणांच्या जागी ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. तिथे फॉलबॅकही अपुरा पडतो. अक्षर आणि खूण दोन्ही असलेला फॉन्टच लागतो.

तिसरे कारण सर्वांत फसवे. डोनाल्ड नुथ यांनी 1978 मध्ये आणलेली टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली आजही गणिताच्या आणि विज्ञानाच्या पुस्तकांसाठी वापरतात. 1990 च्या दशकापासून तिच्यात देवनागरीही जुळवता येते. फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर टेक नेहमीच चौकोन दाखवते असे नाही. अनेकदा पानावर काहीच उमटत नाही आणि नोंद फक्त लॉग फाइलमध्ये राहते. लुआटेकसारख्या नव्या आवृत्तीत फॉलबॅक फॉन्टची रांग लावता येते, पण ती आपण लावावी लागते. लॉग न वाचता पीडीएफ पाठवली, तर गाळलेले अक्षर वाचकालाच सापडते किंवा कधीच सापडत नाही.

एका अक्षराने बिघडते ते काय?

मराठीत बरेच काही बिघडते. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्यास दिलेली दक्षिणा आणि आचाऱ्यास दिलेली मजुरी या वेगळ्या गोष्टी आहेत. फॉन्टला चंद्रकोरी र जमला नाही, तर अर्थ बदलतो आणि कुणाला शंकाही येत नाही. वऱ्हाड, कऱ्हाड ही गावा-प्रदेशांची नावे आणि कितीतरी आडनावे या एका खुणेवर उभी आहेत. सातबारा, दाखला, गुणपत्रिका यांवर नाव चुकले तर माणसाला खेपा माराव्या लागतात.

वाचकांनी काय करावे?

• फोनची प्रणाली आणि ब्राउझर अद्ययावत ठेवा. नव्या खुणा बहुधा तिथूनच येतात.
• पत्रिका, पाटी किंवा पुस्तक छापायला देताना युनिकोड फॉन्टचा आग्रह धरा आणि पीडीएफ करताना फॉन्ट त्यातच बसवून घ्या.
• छपाईआधी एक ओळ तपासा : वऱ्हाड, ॲड., डॉ., ₹, ज्ञ, द्ध, ऽ. या ओळीत एकही अक्षर वेगळ्या जाडीचे दिसले, तर तिथे फॉलबॅक फॉन्ट आला आहे.
• शेवटचे मुद्रित दुसऱ्या फोनवर उघडून पाहा.

फॉलबॅक ही वेळ मारून नेण्याची सोय आहे. ती हवीच, कारण प्रत्येक फॉन्टमध्ये प्रत्येक खूण कधीच असणार नाही. पण एखाद्या भाषेचा मजकूर कायम उसन्या अक्षरांवर चालू शकत नाही. जावजींनी आधी खण भरले, मग छापखाना काढला आणि प्रत्येक पान पंडिताच्या नजरेखालून घातले. मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांसाठी आणि ते वापरणाऱ्यांसाठी तोच क्रम आजही लागू आहे.